मुफ्रद, मुरक्कब आणि निळी बाटली

‘ग्लो’ घ्यावं की ‘क्लो’? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला. एक माझा जुना विद्यार्थी, जिममध्ये खांदा दुखावून बसलेला. दुसऱ्या आमच्याच शाळेतल्या एक आपा, ज्यांना गुडघ्यांमुळे नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते. तिसरी एक मोठी बहीण. तिच्या धाकटीच्या निकाहची बोलणी चालू आहेत आणि मुलाकडच्यांनी मुलीच्या चेहऱ्यावरच्या डागांबद्दल ‘सहज’ चौकशी केली आहे.

मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण मोहल्ल्यात शिक्षिकेकडे असे कागद येतच असतात. बँकेचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं. आता त्यात मोबाइलवरच्या या जाहिराती. म्हणून मी हा विषय जमेल तितका वाचून काढला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. माझं मत आधीच सांगते: ‘दोन्हींपैकी कोणतं चांगलं’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या दोन गोष्टींची मोजणीच झालेली नाही, त्यांची तुलना कशी करणार?

आधी शब्दांचा अर्थ पाहू. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. ही काही जादूची किंवा परकी वस्तू नाही. आपल्या शरीरात ती शेकड्यांनी आहेत. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच आहे. १९२२ साली टोरंटोमध्ये ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचलं गेलं आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी जीव वाचवले. बाळंतिणीला दिलं जाणारं ऑक्सिटोसिन हे फक्त ९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. तेव्हा ‘पेप्टाइड वाईट’ असं म्हणणारा माणूस अडाणी ठरेल. पण ‘इन्सुलिन पेप्टाइड आहे आणि हेही पेप्टाइडच आहे’ असं सांगून बाटली विकणारा माणूस अडाणी नाही, हुशार आहे. कागदावर छापलेला निकाहनामा आणि कागदावर छापलेली लॉटरी, दोन्ही कागदच असतात.

आता या मिश्रणांत काय असतं? ‘ग्लो’ नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीत साधारणपणे तीन पेप्टाइडं असतात: बीपीसी-१५७, टीबी-५०० आणि जीएचके-सीयू. ‘क्लो’मध्ये याच तिघांत चौथं केपीव्ही घालतात. फक्त पहिली दोन एकत्र केली की त्याला एका सिनेमातल्या नायकावरून ‘वुल्व्हरिन’ म्हणतात, कारण त्याच्या जखमा क्षणात भरतात. दावा असा की पहिली दोन जखमा आणि सांधे बरे करतात, तिसरं त्वचा उजळ आणि घट्ट करतं, चौथं सूज उतरवतं. जीएचके-सीयूमध्ये तांबं असतं, त्यामुळे पावडर पाण्यात विरघळली की बाटली सुंदर निळी दिसते. हा व्यापार मुख्यतः अमेरिकेत फोफावला आणि इंटरनेटच्या वाटेने आपल्याकडे पोहोचला.

एकेक घटक पाहू.

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी. जठरातल्या रसातल्या एका प्रथिनाचा तुकडा म्हणून तिची ओळख करून दिली जाते. तिच्यावरचं बहुतेक संशोधन क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या एका गटाने केलं आणि ते उंदरांवर केलं. उंदरांचे तुटलेले स्नायुबंध, जठरातले व्रण यांवर निकाल खरोखर उत्सुकता वाढवणारे आहेत. पण माणसांवरचा पुरावा पाहायला गेलं की हात रिकामे राहतात. २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांवर एक चाचणी नोंदवली गेली, तिचे निकाल कधी प्रसिद्ध झाले नाहीत. बाकी आहेत त्या डझन-दोन डझन माणसांच्या पाहण्या, आणि त्यांत तुलनेसाठी दुसरा गटच नाही.

टीबी-५०० ची गोष्ट तर भाषेच्या शिक्षकाला लगेच कळेल अशी आहे. आपल्या शरीरात थायमोसिन बीटा-४ नावाचं ४३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड असतं. टीबी-५०० हे नाव त्याच्या फक्त ७ अमिनो आम्लांच्या तुकड्याला दिलं जातं. विकताना मात्र पूर्ण पेप्टाइडवरचं संशोधन या तुकड्याच्या नावावर खपवतात. ४३ शब्दांच्या वाक्यातून ७ शब्द उचलले तर अर्थ तोच राहतो का? कधी राहतो, कधी नेमका उलटा होतो. आणि जे पूर्ण पेप्टाइड आहे, त्याच्या डोळ्यांच्या आजारांवर आणि त्वचेच्या जखमांवर माणसांत चाचण्या झाल्या. त्यांतून आजवर मंजूर औषध निघालेलं नाही. टीबी-५०० गाजलं ते शर्यतीच्या घोड्यांमुळे. २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर थायमोसिन बीटा-४ च्या वापरावरून दोन वर्षांची बंदी आली. बीपीसी-१५७ देखील २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, बंदी-यादीत आहे. जिममधल्या ज्या पोरांना पोलीस भरतीबरोबर जिल्हा-राज्य स्पर्धांचीही स्वप्नं पडतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

जीएचके-सीयू हे चौघांतलं सगळ्यात जुनं आणि सभ्य. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी ते माणसाच्या रक्तद्रवात शोधलं. तीन अमिनो आम्लं आणि त्यांना धरून असलेलं तांबं. चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये ते बरीच वर्षं वापरलं जातं आणि छोट्या चाचण्यांत सुरकुत्यांवर थोडाफार फरकही दिसला आहे. पण तो पुरावा त्वचेवर लावण्याचा आहे, त्वचेखाली टोचण्याचा नाही. मेंदी हातावर लावतात म्हणून ती कुणी पीत नाही.

केपीव्ही ही तीनच अमिनो आम्लं. शरीरातल्या एका संप्रेरकाच्या शेपटीचा तुकडा. उंदरांच्या आतड्यांची सूज त्याने कमी होते असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ‘क्लो’ हे ‘ग्लो’पेक्षा महाग असतं ते या तीन अमिनो आम्लांमुळे, आणि त्यामागचा पुरावा उंदराच्या आतड्यापर्यंत येऊन थांबतो.

तुलना करायचीच तर ती अशी: एकामागे त्वचेवर लावण्याचा थोडा पुरावा, एकामागे उंदरांचा भरपूर पुरावा, एकामागे दुसऱ्याच पेप्टाइडचा उसना पुरावा, आणि एकामागे अगदीच कोवळा पुरावा. आणि या चौघांना एका बाटलीत घातल्यावर काय होतं, याचा पुरावा? शून्य.

इथे मला माझे दोन शब्द आठवतात, जे मी सातवी-आठवीला उर्दू व्याकरणात शिकवते: मुफ्रद आणि मुरक्कब. मुफ्रद म्हणजे एकटा शब्द, मुरक्कब म्हणजे जोडलेला. युनानी हकीम हेच शब्द औषधांसाठी वापरतात. एकेरी औषध मुफ्रद, माजून किंवा खमीरा यांसारखं मिश्रण मुरक्कब. इब्न सिना यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी, १०२५ च्या आसपास, ‘अल-कानून फित्तिब’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे पाच भाग. दुसरा भाग मुफ्रद औषधांवर आणि मुरक्कब औषधांवरचा भाग सगळ्यात शेवटी, पाचवा. आधी एकेक नीट ओळखा, मग जोडा, असा तो क्रम.

त्याच दुसऱ्या भागात औषध कसं पारखावं याच्या अटी आहेत. त्यांचा आशय आजही ताजा वाटतो. औषध शुद्ध हवं. ते एका वेळी एकाच साध्या आजारावर पारखावं, गुंतागुंतीच्या आजारावर नाही. परिणाम कधी दिसतो त्या वेळेची नोंद ठेवावी. तोच परिणाम पुन्हा पुन्हा दिसतो का हे पाहावं, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि शेवटची अट: पारख माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे लागू पडलं ते माणसावर लागू पडेलच असं नाही. हे वाचताना मला घोड्यांच्या शर्यतीतून आलेलं ते टीबी-५०० आठवल्याशिवाय राहिलं नाही. इब्न सिना यांच्या सगळ्याच औषधोपचारांना आज कुणी बरोबर म्हणणार नाही. पण प्रश्न विचारण्याची त्यांची शिस्त या निळ्या बाटलीला लावली, तर ती पहिल्याच पायरीवर अडते.

मिश्रण म्हणजे बेरीज, असा आपला समज असतो. सांध्याचं एक, त्वचेचं एक, सुजेचं एक, मिळून तीन फायदे. पण मराठी व्याकरणात बहुव्रीही समास शिकवताना आम्ही काय सांगतो? ‘नीलकंठ’ या शब्दाचा अर्थ ‘निळा’ही नाही आणि ‘कंठ’ही नाही. दोन पदांना जोडल्यावर तिसराच कुणीतरी उभा राहतो. औषधांचंही असंच होऊ शकतं. एक घटक दुसऱ्याला बिघडवू शकतो, तांबं शेजारच्या साखळीवर परिणाम करू शकतं, दोघांचा मिळून परिणाम एकेकट्यापेक्षा जास्त होऊ शकतो आणि तो जास्तपणा नको तिथेही जाऊ शकतो. बीपीसी-१५७ आणि थायमोसिन बीटा-४ प्राण्यांमध्ये नव्या रक्तवाहिन्या वाढवतात असं दिसलं आहे. जखमेला नवी रक्तवाहिनी हवीच असते. पण गाठीलाही ती हवी असते. माणसांत याने कर्करोग होतो असं कुणी दाखवलेलं नाही. पण ज्या गोष्टीची दीर्घकाळ पाहणीच झाली नाही, तिथे ‘दुष्परिणाम आढळले नाहीत’ या वाक्याला अर्थ नसतो. न तपासलेल्या वहीत चुका सापडत नाहीत, म्हणून मुलाला पैकीच्या पैकी गुण द्यायचे नसतात.

खूप घटक म्हणजे खूप गुण, ही श्रद्धा जुनी आहे. उर्दूत आपण ‘तिर्याक’ म्हणतो ते मुळात ६० पेक्षा जास्त घटकांचं एक औषध होतं. विषापासून तापापर्यंत सगळ्यावर चालणारं. रोमच्या बादशहांपासून अठराव्या शतकातल्या युरोपापर्यंत ते विकलं गेलं. १७४५ मध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी त्याविरुद्ध एक निबंध लिहिला, तेव्हा कुठे लोक उघडपणे प्रश्न विचारू लागले. म्हणजे सतराशे वर्षं माणसं एका मिश्रणाला भुलली. आपल्या पिढीने फार हसायचं कारण नाही.

आता लेबल. या बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. आणि जाहिरातीत मात्र माणसाचाच चेहरा, माणसाचाच गुडघा. विकणारा दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड गिऱ्हाइकाशी, एक कायद्याशी. उद्या काही झालं तर कायद्याशी बोललेलं तोंडच खरं धरलं जाईल. जाहिरातीतली क्रियापदंही पाहा. ‘बरं करतं’ असं कुठेच नसतं. ‘मदत करू शकतं’, ‘आधार देऊ शकतं’. सगळा भार ‘शकणे’ या सहायक क्रियापदावर. मी परीक्षेत पास होऊ शकतो, असं म्हणणाऱ्या मुलाला आपण पेढे वाटू देत नाही.

‘पण त्यांच्याकडे ९९ टक्के शुद्धतेचं सर्टिफिकेट आहे’, असं त्या विद्यार्थ्याने मला सांगितलं. ती चाचणी सांगते की पावडरीतल्या पेप्टाइडमध्ये हवं ते पेप्टाइड किती आहे. बाटलीत जंतू आहेत का, जंतूंची विषं उरली आहेत का, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात, आणि टोचायच्या औषधाच्या कारखान्यात त्या सक्तीच्या असतात. तोंडावाटे गेलेल्या घाणीला जठर तरी अडवतं, सुईने गेलेल्या घाणीला दरवाजाच नसतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासला दीर्घायुष्याच्या एका मेळ्यात पेप्टाइडची इंजेक्शनं घेतल्यावर दोन बायकांना गंभीर अवस्थेत रुग्णालयात न्यावं लागलं.

तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बीपीसी-१५७, केपीव्ही, थायमोसिनचा तो तुकडा आणि टोचायचं जीएचके-सीयू, या चौघांनाही सुरक्षिततेबाबत गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं होतं. त्या यादीवरून तिथे राजकारणही रंगलं. पण सरकारने नाव यादीत घातलं काय आणि काढलं काय, त्याने उंदरांवरचा पुरावा माणसांवरचा होत नाही. आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंगावर चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची वस्तू. टोचायची वस्तू त्यात बसत नाही. पार्लरमधली बाई ‘ही फक्त ब्यूटी ट्रीटमेंट आहे’ म्हणत सुई हातात घेते, तेव्हा तिचं म्हणणं कायद्यालाही मान्य नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, या पेप्टाइडांवर पेटंटची कमाई नाही, म्हणून कंपन्या मोठ्या चाचण्यांना पैसे घालत नाहीत. मग आम्ही दुखण्यात वीस वर्षं थांबायचं का? पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. पण त्यातून निघणारी मागणी अशी असायला हवी की सरकारने आणि विद्यापीठांनी चाचण्या कराव्यात. ‘तोवर आम्हीच उंदीर होतो’ हे त्याचं उत्तर नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराला निदान बाटलीचे पैसे तरी भरावे लागत नाहीत. आणि तिथे कुणीतरी वही घेऊन नोंद करत असतं. आपल्या खोलीत एकट्याने टोचून घेतलेल्या सुईची नोंद कोण ठेवतं? त्रास झालेला माणूस लाजेने गप्प बसतो, बरं वाटलेला माणूस ग्रुपवर लिहितो. खांद्याची दुखापत अनेकदा काही महिन्यांच्या विश्रांतीने आणि व्यायामाने आपोआप ओसरते, पण श्रेय त्या महिन्यांत जे घेतलं त्याला मिळतं.

आमच्या आपांचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्या सुई घेणार नव्हत्या, त्यांना कोलॅजन पेप्टाइडची पावडर हवी होती, आणि त्यांनी विचारलं, ‘ही हलाल आहे का?’ प्रश्न रास्त आहे. कोलॅजन गाईगुरांच्या कातडीपासून, माशांपासून किंवा डुकरापासूनही काढतात, आणि डब्यावर दरवेळी ते स्पष्ट लिहिलेलं नसतं. पण मी त्यांना म्हटलं, आपा, हा अर्धा प्रश्न झाला. आपल्याकडे हलालबरोबर तय्यब हा शब्दही आहे. चांगलं, स्वच्छ, हिताचं. शिक्का पहिल्या शब्दाचा असतो, दुसऱ्याचा तपास आपल्यालाच करायचा असतो. कोलॅजनवर माणसांतल्या चाचण्या झाल्या आहेत, ही त्याची जमेची बाजू. पण २०२५ मध्ये त्वचेवरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा असं दिसलं की ज्या चाचण्यांना कंपन्यांचे पैसे नव्हते, त्यांत फायदा दिसलाच नाही. म्हणजे पावडर हलाल असेल, बहुधा निरुपद्रवीही असेल, पण महिन्याला हजारो रुपयांच्या लायकीची आहे का? त्याच पैशात फिजिओथेरपिस्टकडच्या फेऱ्या होतात आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घेता येतात. गुडघ्याच्या झिजेवर त्या व्यायामांचा पुरावा भक्कम आहे.

‘सूज’ या शब्दाबद्दलही एक सांगायचं आहे. उर्दूत वरम, मराठीत दाह. जाहिरातीत तो एकच शत्रू असल्यासारखा येतो. पण मुरुमाचा दाह, संधिवाताचा दाह आणि आतड्याच्या आजाराचा दाह यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. त्यातला संधिवात वेळेत ओळखला तर सांधे वाचतात. बाटलीवर विसंबून सहा महिने घालवले तर ते सहा महिने परत येत नाहीत. निळ्या बाटलीचं खरं नुकसान मला इथे दिसतं. ती कदाचित काहीच करणार नाही, पण जे करायला हवं होतं त्याची वेळ खाऊन टाकेल.

त्या मोठ्या बहिणीला मी काय सांगितलं? धाकटीला सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात घेऊन जा. डाग कशाचे आहेत ते आधी कळू दे. उन्हापासून जपणारं क्रीम आणि डॉक्टरने लिहिलेलं मलम, एवढ्याने बऱ्याच मुलींचं काम होतं. मेडिकलवाल्याने स्वतःहून दिलेली गोरं करणारी ट्यूब आणू नकोस, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं आणि त्याने चेहरा कायमचा बिघडतो. आणि हेही सांगितलं की ज्या घराला तुझ्या बहिणीच्या गालावरचे डाग मोजायचे आहेत, त्या घराबद्दल आणखी चार प्रश्न विचारून घे. तिची पदवी, तिची नोकरी, तिचा स्वभाव यांबद्दल त्यांनी काही विचारलं होतं का?

कुणी पुढच्या वेळी ‘ग्लो’ आणि ‘क्लो’ची तुलना घेऊन आलं, तर वाचकहो, तुम्ही त्याला तीन प्रश्न विचारा. हे माणसांवर पारखलं आहे का? आहे या रूपात, या मिश्रणात, या वाटेने पारखलं आहे का? आणि काही बिघडलं तर जबाबदार म्हणून बाटलीवर कुणाचं नाव-पत्ता आहे? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर मग दोन बाटल्यांची तुलना खुशाल करा. मीही तुमच्याबरोबर बसेन. तोवर खांद्याला विश्रांती, गुडघ्याला व्यायाम आणि त्वचेला डॉक्टर हवा.